तबकडी घेताना आधी लेबल वाचा

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर गाण्यांच्या तबकड्यांचा (रेकॉर्ड्सचा) ढीग समोर असतो, पण इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, बँडची निम्मी नावं ओळखीची नसतात. अंदाजाने उचललं की पैसे वाया. म्हणून मी बँडआधी लेबल, म्हणजे तबकडी काढणारी कंपनी, बघते.

१. कव्हरची मागची बाजू वाचा. तिथे लेबलचं नाव असतं: रफ ट्रेड आणि फॅक्टरी (दोन्ही १९७८ साली सुरू झालेली), फोरएडी (१९८०), सब पॉप. अशा छोट्या लेबलांकडे बँडची निवड ती चालवणाऱ्यांच्या आवडीवर व्हायची, त्यामुळे एक बँड आवडला की त्याच लेबलचा दुसराही बहुधा आवडतो. नवं हवं असेल तर तेच लेबल बँडकॅम्प या गाण्यांच्या साइटवर शोधा, दोन गाणी तिथेच उभ्याने ऐका.

२. शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. बारीक कोरलेला क्रमांक दिसेल. तो डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर टाकला की प्रत मूळची की नंतरची, ते बहुतेक वेळा कळतं. ओरखडेही त्याच उजेडात दिसतात. नखाला जाणवणारा असेल तर तबकडी परत ठेवा.

आपल्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, म्हणून कव्हर हुंगून बघा. कुबट वास आला तर घरच्या बाकीच्या तबकड्यांत ती मिसळू नका.