मॉडर्न ब्रिटिश किचनमध्ये काम करायचंय? आधी सीझन शिका

हॉटेल मॅनेजमेंटची बरीच मुलं विचारतात की लंडनच्या फाइन डायनिंगमध्ये कसं शिरायचं, म्हणून एकदाच नीट लिहितो. मी इथे कॉमी, म्हणजे सगळ्यात ज्युनियर कुक म्हणून लागलो, आता सॉस सेक्शनला आहे.

आधी मॉडर्न ब्रिटिश जेवण काय आहे ते समजून घ्या. टेक्निक बरंचसं फ्रेंच, पण माल इथला, आणि तोच ताटात दिसला पाहिजे. शेफ फर्गस हेंडरसननी १९९४ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड मार्केटजवळ सेंट जॉन हे रेस्टॉरंट सुरू केलं, तिथली फेमस डिश म्हणजे भाजलेली नळी, पार्स्लीचं सॅलड आणि टोस्ट, संपलं! मटणाची नळी चोखत मोठं झालेल्या आपल्या माणसाला हे लगेच कळतं. शेफ क्लेअर स्मिथचं कोअर हे रेस्टॉरंट २०१७ मध्ये उघडलं, २०२१ मध्ये तीन मिशेलिन स्टार (मिशेलिन गाइडचा सर्वोच्च मान) मिळाले आणि तिथली गाजलेली डिश आहे एक बटाटा, वर ट्राउट आणि हेरिंगची गाबोळी. साध्या बटाट्याला एवढा मान देणं, मला तर या कुकिंगचा जीवच त्यात दिसतो.

म्हणून सांगतो, प्लेटिंगचे व्हिडिओ नंतर बघा, आधी सीझन पाठ करा. जानेवारी ते मार्च यॉर्कशरचं फोर्स्ड रुबार्ब (आंबट देठांची भाजी), जे अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, म्हणून ते इतकं कोवळं गुलाबी येतं. वसंतात रानलसूण, एप्रिलअखेर ते जून अॅस्परॅगस, १२ ऑगस्टपासून ग्राउस हा शिकारीचा रानपक्षी. मेन्यू याच्यावरच फिरतो, त्यामुळे हे माहीत असलेला पोरगा इंटरव्ह्यूत लगेच वेगळा दिसतो.

रोजचं काम मात्र बारीकसारीक गोष्टींचं. प्रत्येक डब्यावर टेप, त्यावर पदार्थ, तारीख, तुमची आद्याक्षरं, आणि टेप हाताने फाडायची नाही, कात्रीने सरळ कापायची. चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) कापताना सुरी ओढायची, दाबायची नाही, दाबली की पात चिरडते, रस सुटतो आणि थोड्या वेळात सगळं ओलं होऊन चिकटतं. सॉस आटवताना दर थोड्या वेळाने चाखायचा आणि प्रत्येक वेळी नवा चमचा. आणि अॅलर्जी! इथल्या कायद्यात १४ अॅलर्जन, म्हणजे अॅलर्जी करू शकणारे घटक आहेत, ते घोकून घ्या, कारण पासवरून (जिथून ताटं बाहेर जातात तो काउंटर) शेफने विचारलं की बटरमध्ये काय आहे तर "बघून सांगतो" चालत नाही, टेबलवर कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो.

आता व्हिसाचं, कारण एजंट लोक हे लपवतात आणि घरच्यांचे लाखो रुपये अडकतात. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणारी कामाची पातळी डिग्रीच्या लेव्हलला नेली, त्यामुळे भारतातून थेट शेफ म्हणून नवीन स्पॉन्सरशिप मिळायचा रस्ता बंद झाल्यात जमा आहे. "शेफचा व्हिसा काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. डिग्रीला स्टुडंट व्हिसावर आलात तर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि ही लिमिट खरंच पाळा.

असे पार्टटाइम तास मिळवायचे तर हेड शेफला छोटा ईमेल टाका, सध्याचा मेन्यू वाचून त्यातल्या एका डिशबद्दल दोन ओळी लिहा. ट्रायल, म्हणजे किचनमध्ये काम करून दाखवायची संधी मिळाली तर धार लावलेली सुरी, न घसरणारे बूट, वही आणि मार्कर न्या. जाताना सेक्शन स्वतः पुसून मग निघा, शेफ ते नक्की बघतात.