रात्री पाय वळवळतात? औषधाआधी या चुका टाळा

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळू लागते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते आणि पुन्हा आडवे होताच तेच सुरू होते. अशी तक्रार केली की घरात ‘वात असेल’ किंवा ‘कॅल्शियम कमी झाले असेल’ असे सांगून विषय संपवला जातो. कोणी पायाला ओढणी घट्ट बांधून झोपते, कोणी मुलांकडून पाय दाबून घेते आणि वर्षे निघून जातात. वास्तविक, १९४५ मध्ये कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते. त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात.

पहिली चूक म्हणजे रात्रीच्या प्रत्येक पायदुखीला एकच नाव देणे. पाय किती दुखतो यापेक्षा तो कशाने शांत होतो, हे आधी पाहावे. या विकारात पाय हलवण्याची अनावर इच्छा होते, ती विश्रांतीत सुरू होते किंवा वाढते, हालचाल चालू असेपर्यंत कमी होते आणि संध्याकाळनंतर जोर धरते. रात्रीच्या बसमध्ये सगळे झोपलेले असताना सीट सोडून मधल्या वाटेत उभे राहणारा प्रवासी पुष्कळदा याच त्रासाने उठलेला असतो. याउलट पोटरीत गोळा आला तर स्नायू हाताला दगडासारखा लागतो, कळ असह्य असते आणि पाऊल स्वतःकडे ओढून ताण दिला की ती सुटते. मधुमेहात किंवा बी-१२च्या कमतरतेत तळपायांची आग होते, मुंग्या येतात, आणि चालल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. शिरा फुगल्या असतील तर पाय उशीवर उंच ठेवल्याने बरे वाटते. मात्र पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावरच आराम पडत असेल, तर रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना लवकर दाखवावे. तंबाखूचे व्यसन किंवा मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक लोहाच्या बाबतीत होते, असे मला वाटते. ‘हिमोग्लोबिन चांगले आहे, म्हणजे लोह भरपूर आहे’ हा समज खरा नाही. हिमोग्लोबिन उत्तम असूनही शरीरातला लोहाचा साठा रिता असू शकतो, आणि मेंदूतील लोहाची कमतरता हे या विकाराचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेले जाणारे लोह दाखवणारी) या रक्ताच्या तपासण्या सांगाव्या लागतात. इथेही एक फसगत होते. फेरिटिन ३० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आले तरी अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात ते ‘नॉर्मल’ छापून येते. या विकारात मात्र प्रौढांमध्ये ते ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार केला जातो. अंगात ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन फुगून दिसते, त्यामुळे तपासणी बरे झाल्यावर करावी. गोळी सुरू झाली तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, कारण मग लोह नीट शोषले जात नाही. तपासणीशिवाय स्वतःच लोह सुरू करणेही योग्य नाही, कारण साठा जास्त झाल्यास यकृताला व हृदयाला इजा होते.

झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेणारेही अनेक आहेत. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असलेले क्लोरफेनिरामाइन, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरील काही औषधे आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनी हाच त्रास वाढू शकतो. त्रास नेमका केव्हा सुरू झाला आणि त्या सुमारास कोणते औषध नवे होते, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. नैराश्याची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. संध्याकाळचा चहा-कॉफी आणि मद्य काही आठवडे सोडून पाहण्यास हरकत नाही.

या विकारावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधे चालू असताना पूर्वी रात्री दहाला येणारा त्रास दुपारीच सुरू झाला, किंवा हातांपर्यंत पोहोचला, तर मात्रा वाढवून मागण्याची चूक करू नये. हा बहुधा औषधाचाच दीर्घकालीन परिणाम असतो आणि वाढीव मात्रेने तो आणखी बळावतो. याच कारणाने आता गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन या दुसऱ्या गटातील औषधांना आधी पसंती दिली जाते. अर्थात, मूत्रपिंडाचा आजार असल्यास त्यांची मात्रा बदलावी लागते.

गरोदरपणाच्या शेवटच्या 3 महिन्यांत हा त्रास पुष्कळ जणींना होतो आणि प्रसूतीनंतर बहुतेकींचा तो ओसरतो. तरीही ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून गप्प बसू नये, कारण लोहाची तपासणी तेव्हाच सर्वांत गरजेची असते. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर तो कोणाकडूनही चोळून किंवा दाबून घेऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.