स्लॅबचं घर मे महिन्यात राहण्याजोगं कसं करावं

कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकला की पहिला उन्हाळा कूलरवर निघतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घरात एसीचा विषय निघतो. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा ही काही नुसती हौस नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली एसी म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग हवा. यंत्राचं नंतर पाहू.

घर कुठून तापतं ते आधी तपासा. रात्री नऊच्या सुमारास पंखा बंद करून स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला. स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री तेच खोलीत सोडतो, म्हणून पंखा लावला तरी गरम वाराच अंगावर येतो.

छताला चुना मारायचं काम होळी झाली की उरकावं. भेगा असतील तर आधी बुजवा. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी पिंपात विरवा. एका किलोला साधारण पाच लिटर पाणी. चुना उकळ्या मारतो, अंगावर उडाला तर भाजतो, म्हणून मुलांना लांब ठेवा. थंड झाल्यावर गाळून थोडा डिंक घाला. सकाळी गच्ची झाडून ओली करा आणि पातळ हात द्या, एक उभा, एक आडवा, असे तीन. जाड थर दिला की पोपडे निघतात. मिरच्या, वड्या, मोहफुलं वाळवायला एक कोपरा सोडा, नाहीतर घरच्या बायका पहिल्याच दिवशी चुन्यावर पोतं अंथरतील. पावसात चुना धुपतो, दरवर्षी मारावा लागतो. ते नको असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा, खर्च एकदाच. घराच्या दर्शनी भागाला कमानी आणि स्टीलचं रेलिंग लावणारे लोक छतावर मात्र रुपया घालत नाहीत, हे काही मला उमगलं नाही.

पश्चिमेच्या भिंतीपुढे हातभर जागा सोडून तुराट्यांचा ताटवा उभा करा, त्यावर दोडक्याचा वेल सोडा. चूल आणि विजेची तार जवळ नको. कडुनिंब लावायचा तर भिंतीपासून चांगला लांब. काळ्या मातीतलं पाणी मुळं ओढतात, जमीन आकसते आणि पाया तडकतो.

कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद करून कूलर लावला की खोलीत ओल कोंडते आणि अंग चिकचिकतं. वर झरोका असेल तर तो बुजवू नका.

छतावर सौर पॅनेल बसवायचे असतील तर पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. अशा पॅनेलमधून उन्हाळ्यात दिवसाला साधारण 12 युनिट वीज मिळते. पॅनेल फ्रेमवर उंच बसवा. खालून वारा खेळतो आणि तेवढ्या स्लॅबवर सावली पडते.

एवढं झाल्यावरही एसी लागलाच, तर एकाच खोलीत, म्हाताऱ्यांच्या किंवा बाळाच्या, आणि 26 अंशांवर.