क्लासच्या गाडीत सगळ्यांनाच गाडी येते

पक्कं लायसन्स आल्यावर पाचव्याच दिवशी मी एकटी कात्रजच्या जुन्या घाटात चढावर अडकले. पुढची गाडी हलली म्हणून क्लच सोडला तर गाडी बंद, परत चालू केली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी निघाली मागे. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो, त्याचा हॉर्न थांबेचना, मी रडायचीच बाकी होते. शेवटी त्याचाच क्लीनर उतरला, माझ्या चाकामागे दगड लावला आणि एक शब्द न बोलता परत जाऊन बसला.

क्लासमध्ये 20 दिवसांत माझी गाडी एकदाही बंद पडली नव्हती! कारण क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो. मला उशीर झाला की सर गुपचूप दाबायचे आणि मला वाटायचं वा, मला जमतंय. म्हणून शेवटचे चार-पाच दिवस रिकाम्या रस्त्यावर सरांना स्पष्ट सांगा, सर पाय मागे घेऊन बसा. गाडी बंद पडेल, पडू दे, तिथेच पडलेली बरी.

चढावर असं करा. हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर, ब्रेकवरचा पाय आता अ‍ॅक्सिलरेटरवर, थोडी रेस द्या आणि क्लच सावकाश वर. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे डावा पाय थांबवा, म्हणजे थांबवाच, आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही. शिकताना एसी बंद, काच खाली, आवाज ऐकू आला पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगच्या रँपवर मी हे पन्नासेक वेळा केलं, वॉचमन कंटाळला.

लर्निंग 6 महिने चालतं, 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, म्हणून लोक एकतिसाव्या दिवशी पळतात. कशाला? ते सहा महिने लायसन्सवाला माणूस शेजारी बसवून चालवा, तसाही लर्निंगवर त्याच्याशिवाय चालवता येत नाही. फक्त तो माणूस नवरा किंवा बाबा नको, ते आधी ओरडतात मग सांगतात. मला शेजारच्या काकांनी शिकवलं, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, चूक झाली की नुसतं "हं" म्हणायचे. आणि एजंटकडून टेस्ट न देता लायसन्स काढणार असाल तर गाडी घेऊच नका, सरळ सांगते.

घाबरू नका पण, गाडी सगळ्यांची बंद पडते. पडली की आधी ब्रेक आणि हँडब्रेक, मग पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, मग स्टार्टर, हॉर्न वाजवणारा वाजवत बसेल. पहिल्यांदा एकटे निघाल तेव्हा रविवारी सकाळी सहाला, ओळखीच्या रस्त्याने. लायसन्स आलं तरी मागच्या काचेवरचा लाल एल काही दिवस राहू दे, लोक जरा अंतर ठेवतात. माझा अजून आहे, नवरा हसतो, हसू दे.