इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण वेळेला तोंडात येत नाहीत? या चुका टाळा

"शब्द खूप पाठ केलेत हो, पण बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही." स्पोकन इंग्लिशच्या वर्गात ही तक्रार हमखास ऐकू येते. बोलणारी सांगलीच्या विश्रामबागेतली कॉलेजची मुलगी असो नाहीतर मार्केट यार्डातले अडत्ये, सूर तोच. स्मरणशक्तीला उगाच बोल लावला जातो. वहीच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, ही शाळेपासूनची पद्धतच बहुतेक वेळा नडते.

'करणे' आणि 'लागणे'चा सापळा

मराठीत अभ्यास करतात, अंघोळ करतात, फोन करतात, चूक करतात आणि लग्नही करतात. वहीत 'डू म्हणजे करणे' एवढंच लिहिलेलं असेल, तर 'आय डिड अ मिस्टेक' असंच बाहेर पडणार. इंग्रजीत होमवर्कला 'डू' चालतं, पण चुकीला आणि फोन कॉलला 'मेक' लागतं, अंघोळीला 'हॅव' किंवा 'टेक', आणि लग्नाला 'गेट मॅरिड'. यामागे नियम शोधत बसू नका. पुस्तकात एखादा सापडेलही, पण चार वाक्यांतच तो मोडतो.

'लागणे' तर त्याहून बेरकी. 'स्वारगेटची एसटी लागली' आणि 'मला एसटी लागते' ही दोन्ही वाक्यं सांगलीच्या स्टँडवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. पहिल्यात गाडी फलाटावर उभी आहे, दुसऱ्यात प्रवाशाच्या हातात लिंबू आहे. इंग्रजीत पहिलं 'द बस इज ॲट द प्लॅटफॉर्म', दुसरं 'आय गेट सिक ऑन बसेस'. भूक लागली तर 'आय ॲम हंग्री', नोकरी लागली तर 'आय गॉट अ जॉब', झोप लागली तर 'आय फेल अस्लीप', वेळ लागला तर 'इट टुक टाइम'. 'लागणे'ला इंग्रजीत एक शब्द शोधणारा माणूस इथेच थबकतो आणि त्याला वाटतं, आपल्याला शब्द आठवत नाहीये. असा एक शब्द मुळात नाहीच.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका, तुकडा लिहा. 'मिस्टेक' नाही, 'मेक अ मिस्टेक'. 'जॉब' नाही, 'गेट अ जॉब'. पानं जास्त भरतील, भरू द्या.

जाता जाता एक: निघताना आपण 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणं अशुभ. तेच इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हणून निघालात, तर समोरचा तुमची वाट बघत बसेल.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द

हॉटेल, लाइट, पार्सल, कटिंग, स्टेपनी. हे आपल्याला येतातच असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. आपण हॉटेलात मिसळ खातो, इंग्रज माणूस हॉटेलात मुक्काम करतो. मिसळीसाठी 'रेस्टॉरंट' म्हणा. लाइट गेली तर 'द पॉवर इज आउट'. कटिंग म्हणजे 'हेअरकट'. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तिथल्या कंपनीने मोटारीचं जादा चाक विकायला सुरुवात केली होती. आज बाहेरच्या माणसाला कळतं ते 'स्पेअर व्हील'. भारतातल्या भारतात हे सगळं खुशाल चालतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त समोर परदेशी गिऱ्हाईक असेल तेव्हा सावध.

आधी कोणते शब्द?

इंग्रज भाषाअभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं. त्यात क्रियापदांचा सगळा भार गो, गेट, पुट, टेक अशा १८ शब्दांवर होता. पुढे १९५३ मध्ये इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांची नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची यादी आली. अशा याद्या उपयोगी आहेत, पण अ पासून ज्ञ पर्यंत घोकायला नव्हेत. ८५० हा आकडाही फसवा आहे: 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, हे वेगळं शिकावंच लागतं.

यादीत नसलेले तुमच्या धंद्याचे शब्द आधी घ्या. बेदाणा म्हणजे 'रेझिन', गूळ म्हणजे 'जॅगरी', हळद म्हणजे 'टर्मरिक'. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ई-मेलमध्ये टर्मरिकच्या स्पेलिंगमधला पहिला 'र' अजून सुटतो. तासगावच्या बागायतदाराने तर 'व्हाइन' आणि 'वाइन' पक्के करावेत. पहिली द्राक्षवेल, दुसरी दारू. व्हाइन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, वाइन म्हणताना ओठांचा चंबू होतो. नाहीतर 'माझ्याकडे चार एकर वाइन आहे' असं सांगून बसाल.

जोड्या एकदम शिकू नका

'बॉरो' म्हणजे उसनं घेणं, 'लेंड' म्हणजे उसनं देणं. दोन्ही एकाच दिवशी शिकलात तर कायम उलटसुलट होणार. लेफ्ट-राइट, टीच-लर्न यांचंही तेच. या आठवड्यात फक्त 'कॅन आय बॉरो युअर पेन?' एवढं वापरा. ते तोंडात बसल्यावरच 'लेंड'ला हात लावा.

वाचताना कळतो, बोलताना हरवतो

शब्द ओळखणं आणि शब्द आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वही उघडी ठेवून वाचलं की पहिल्याचाच सराव होतो. इंग्रजीची बाजू हाताने झाका, मराठी बघून इंग्रजी तुकडा मोठ्याने म्हणा, मगच हात काढा. आणि एका रात्रीत पन्नास वेळा घोकू नका. घोकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवलं. आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत विचारा. तरीही एखादा शब्द दर खेपेला निसटत असेल, तर घोकणं वाढवण्यापेक्षा त्याचं वाक्य बदला आणि त्यात तुमच्या घरातलं, दुकानातलं, शेतातलं काहीतरी घाला.