बेसबॉलपटूंची चरित्रं वाचायची तर स्कोअरकार्ड शेजारी ठेवा

मराठवाड्यात शालेय स्पर्धांमधून बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणारी मुलंमुली आहेत आणि त्यांना शिकवणारे क्रीडाशिक्षकही आहेत. या खेळाची गाजलेली पुस्तकं मात्र इंग्रजीत आहेत, आणि ती अमेरिकी वाचकाला सगळं ठाऊक आहे असं धरून लिहिलेली आहेत. बऱ्यापैकी इंग्रजी येणारा वाचकही पन्नासेक पानांत अडतो, कारण मधल्या नोंदी आणि आकडे त्याच्याशी बोलत नाहीत. एकदा ते वाचता आले की ही चरित्रं हातातून सुटत नाहीत. वाचायची रीत अशी: खेळाडू जे सांगतो ते त्या दिवसाच्या स्कोअरकार्डाशी ताडायचं, आणि स्कोअरकार्डात जे मावत नाही त्यासाठी पुन्हा खेळाडूकडे यायचं.

आधी वही

एक साधी दोनशेपानी वही घ्या. पहिल्या पानावर मैदान काढा आणि खेळाडूंच्या जागांचे क्रमांक लिहा: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८, राइट फील्ड ९. नवखे हमखास चुकतात ते ५ आणि ६ मध्ये. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, त्यामुळे त्याला ५ द्यावासा वाटतो, पण ५ थर्ड बेसचा. हे क्रमांक जर्सीवरचे नाहीत, जागेचे आहेत. पुस्तकात ‘६-४-३ डबल प्ले’ आलं की समजायचं: शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला गेला, एका फटक्यात दोन बाद. ‘के’ म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइकवर बाद. तोच ‘के’ उलटा काढलेला दिसला तर बॅटरने तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता बघितला.

दुसऱ्या पानावर हिशेब. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट्स (फटक्यावर मिळवलेली बेस) भागिले ॲट बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधी). इथे क्रिकेटची सवय आडवी येते. आपल्याला सरासरी म्हणजे धावा माहीत, इथे ती यशाचं प्रमाण आहे. .३०० म्हणजे दहा संधींत तीन हिट्स. सात वेळा बाद होणारा बॅटर इथे उत्तम मानला जातो, ही गोष्ट पचली की निम्मं काम झालं. वॉक (चार बॉल पडल्यावर फुकट मिळालेली बेस), अंगावर चेंडू लागून मिळालेली बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे नेणारा फटका) हे ॲट बॅटमध्ये धरत नाहीत, म्हणून बॅटर चार वेळा उभा राहूनही तक्त्यात तीनच दिसू शकतात.

पिचरसाठी ईआरए, म्हणजे अर्न्ड रन ॲव्हरेज: त्याच्या नावावर लागलेले अर्न्ड रन्स (क्षेत्ररक्षणाच्या चुकीविना दिलेले) गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग्ज. २०० इनिंग्जमध्ये ७० रन्स दिले तर ३.१५. इनिंग्जचा आकडा ६.१ असा छापलेला असला तर तो सहा पूर्णांक एक तृतीयांश, कारण एका इनिंगमध्ये तीन आउट. एक्सेलमध्ये ६.१ आणि ६.२ तसेच टाकले तर बेरीज १२.३ येते. खरी बेरीज १३ आहे. शाळेच्या संघाचे आकडे मांडतानाही ही चूक होते, आणि पिचरचा ईआरए विनाकारण वाढलेला दिसतो.

पहिला सराव: जॅकी रॉबिन्सन

सुरुवात रॉबिन्सनपासूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्स संघाकडून फर्स्ट बेसला उभा राहिला आणि विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, पाळली गेलेली वर्णबंदी मोडली. कुठल्याही चरित्रात हा दिवस पानंच्या पानं व्यापतो. आता त्या दिवसाचं बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, काढा. रेट्रोशीट या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. रॉबिन्सनच्या ओळीत दिसेल: ॲट बॅट ३, रन १, हिट ०.

हिट नाही, मग रन कुठून आला? वहीत एकेक खेळी उतरवा. आधी तो थर्ड बेसच्या हातून फर्स्ट बेसला बाद झाला, मग लेफ्ट फील्डला झेल गेला, तिसऱ्यांदा डबल प्लेमध्ये सापडला. सातव्या इनिंगमध्ये त्याने सॅक्रिफाइस बंट (बॅट न फिरवता चेंडूला दिलेला हलका स्पर्श) टाकला, फर्स्ट बेसमनची फेक त्याच्या अंगाला लागून दूर गेली आणि तो थेट दुसऱ्या बेसवर पोचला. पुढे पीट रायझरच्या डबलवर (दोन बेस मिळवून देणाऱ्या हिटवर) तो घरी आला. बंट सॅक्रिफाइस धरला गेल्यामुळे ॲट बॅट तीनच राहिले. डॉजर्स ५-३ ने जिंकले. एवढं एक कार्ड स्वतःच्या हाताने भरलं की नियमांचं पुस्तक वेगळं वाचावं लागत नाही.

लगेच २२ एप्रिलचा सामना घ्या. फिलाडेल्फियाविरुद्ध डॉजर्स १-० ने जिंकले आणि तो एकमेव रन रॉबिन्सनचा होता: सिंगल, चोरलेली सेकंड बेस, कॅचरच्या फसलेल्या फेकीवर थर्ड बेस, आणि मग सहकाऱ्याच्या सिंगलवर घर. कार्डावर हा नेटका, जिंकलेला दिवस दिसतो. रॉबिन्सनच्या १९७२ च्या आत्मचरित्रात, ‘आय नेव्हर हॅड इट मेड’मध्ये, हाच दिवस त्याला कोसळण्याच्या सर्वांत जवळ नेणारा आहे, कारण समोरच्या संघाच्या डगआउटमधून (खेळाडूंच्या बसायच्या जागेतून) त्याला वर्णावरून सतत शिवीगाळ चालली होती. शिव्यांसाठी स्कोअरकार्डात रकाना नसतो. म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

आपल्याकडच्या वाचकाला हे पुस्तक परकं वाटणार नाही. नागसेनवनाच्या परिसरात वाढलेल्या, दलित आत्मकथनं वाचलेल्या माणसाला त्यातला राग आणि तो गिळण्याची किंमत लगेच ओळखू येते. वहीत डाव्या बाजूला खेळाडूचं साल आणि उजव्या बाजूला आपलं साल असा कालपट करा. १९४६ मध्ये रॉबिन्सन माँट्रियलकडून खेळत होता, त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९४७ च्या त्या एप्रिलमध्ये मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९७२ समोर तर इथे कुणाला काही सांगावं लागत नाही, दुष्काळाचं साल. रॉबिन्सनचं पुस्तक त्याच वर्षीचं, मुंबईत दलित पँथरची स्थापनाही त्याच वर्षीची, आणि पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला तो ३१ डिसेंबर १९७२ रोजी. त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट्स आहेत.

तारखेची एक अडचण लक्षात ठेवा. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे असतो. हँक ॲरनने बेब रूथचा ७१४ होम रन्सचा विक्रम मोडला ती तारीख अमेरिकेत ८ एप्रिल १९७४, आपल्याकडे ९ उजाडली होती. भारतीय वर्तमानपत्रांत शोधताना दोन दिवस पुढेपर्यंत बघा.

पुस्तक कुणी लिहिलं?

मुखपृष्ठ सोडा, आतलं शीर्षकपान उघडा. खेळाडूच्या नावाखाली ‘ॲज टोल्ड टू’ किंवा ‘विथ’ असं म्हणून दुसरं नाव असेल तर लेखणी त्या दुसऱ्याची आहे. रॉबिन्सनच्या १९७२ च्या पुस्तकावर आल्फ्रेड डकेटचं नाव आहे. त्याआधी १९४८ मध्ये रॉबिन्सनचंच एक आत्मचरित्र पत्रकार वेंडेल स्मिथच्या सहकार्याने आलं होतं. तेव्हा तो खेळत होता, करार हातात होता. दुसरं लिहिताना निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली होती. १९४९ मध्ये त्याने संसदीय समितीपुढे कृष्णवर्णीय गायक-अभिनेता पॉल रोबसनविरोधात साक्ष दिली होती. १९७२ मध्ये तो लिहितो की आता असं बोलावणं आलं तर आपण नाकारू. एकाच खेळाडूची दोन आत्मचरित्रं मिळाली तर दोन्ही वाचावीत, आणि मधल्या काळात त्याला काय बोलता येत नव्हतं ते टिपावं.

पिचर जिम बाउटनचं ‘बॉल फोर’ वेगळ्या जातीचं आहे. १९६९ च्या हंगामाची ही रोजनिशी, १९७० मध्ये छापली गेली. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कसे वागतात ते त्याने उघड लिहिलं, तेव्हा मेजर लीगचे कमिशनर बॉवी कून यांनी हे सारं काल्पनिक आहे असं लिहून मागितलं. बाउटनने दिलं नाही. रोजनिशीचा फायदा हा की आठवणींना वर्षांची कल्हई बसलेली नसते. तोटा हा की उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ती हंगामाच्या वेळापत्रकासोबत वाचावी. सिअ‍ॅटल पायलट्स हा त्याचा संघ त्या नावाने एकच हंगाम जगला.

आकडेही बदलतात

दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले म्हणून एक लेखक खोटा ठरत नाही. टाय कॉबच्या कारकिर्दीतल्या हिट्स काही पुस्तकांत ४१९१ आहेत, काहींत ४१८९. १९१० च्या हंगामातला त्याचा एक सामना दोनदा नोंदला गेला होता आणि ही चूक १९८१ मध्ये जाहीर झाली. परिणाम लांबवर जातो. पीट रोझने कॉबचा विक्रम मोडला म्हणून ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत जल्लोष झाला, तो ४१९२ व्या हिटला. ४१८९ धरलं तर विक्रम तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला शिकागोतच मोडला होता.

याहून मोठा बदल २०२४ चा. १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग्जचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जचे) आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत आले आणि .३७२ च्या सरासरीने जॉश गिब्सन कारकिर्दीच्या यादीत कॉबच्या वर गेला. म्हणून पुस्तकाचं प्रकाशनवर्ष आधी बघा. त्याआधी छापलेल्या पुस्तकात कॉब पहिला असणारच. गिब्सनच्या सामन्यांची संख्या मात्र कमी दिसेल, कारण या लीग्जचे अधिकृत हंगाम छोटे होते आणि अनेक सामन्यांचे तक्ते वर्तमानपत्रांनी छापलेच नाहीत.

हंगामाची लांबीही तपासा. मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन लीग. १९६१ पर्यंत नॅशनल लीगमध्ये १५४ सामने होते, अमेरिकन लीगने त्याच वर्षी १६२ केले. रॉजर मॅरिसच्या १९६१ मधल्या ६१ होम रन्सवर वाद झाला तो यामुळेच. रूथचे ६० हे १५४ सामन्यांच्या हंगामातले.

पुस्तकं मिळवायची कुठून

क्रिस्टी मॅथ्यूसनचं १९१२ चं ‘पिचिंग इन अ पिंच’ अमेरिकेत प्रताधिकारमुक्त आहे, ते संगणकावर मोफत वाचता येतं. बाकीची जुनी पेपरबॅक शोधावीत, किंवा इंटरनेट अर्काइव्हवर उसनी मिळतात का पाहावं. खेळाडूंची छोटी, तपासलेली चरित्रं सेबर या अमेरिकी संशोधक संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एकेका चरित्राची छापील प्रत काढून तालुक्याच्या वाचनालयात फाइल करून ठेवली तर पाचसहा जणांचा गट सहज चालतो. बैठकीला एकाने पुस्तक वाचावं, दुसऱ्याने बॉक्स स्कोअर, आणि दोघांत जिथे फरक पडेल तिथे थांबावं.

आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूंसाठी

लॉरेन्स रिटरने टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या खेळाडूंना गाठलं आणि १९६६ मध्ये ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ छापलं. परभणी, नांदेड किंवा लातूरमधल्या जुन्या सॉफ्टबॉल आणि खो-खो खेळाडूंसाठी हेच करता येईल. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, नाहीतर ऐकताना त्याची घरघरच जास्त येते. एका बैठकीला दीड तासाच्या वर ताणू नका. ‘तुमचा सर्वांत अविस्मरणीय क्षण कोणता’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी जुनं प्रमाणपत्र किंवा संघाचा फोटो हातात द्या आणि डावीकडून एकेकाचं नाव विचारत जा. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि छापायला परवानगी आहे हे त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्या. घरी आल्यावर शाळेची जुनी स्कोअरबुकं शोधा. ती बहुधा क्रीडासाहित्याच्या खोलीत जाळ्यांखाली असतात आणि वाळवी आधी कडा खाते. पान उलटण्याआधी त्याचा फोटो घ्या.