पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा : जुना पाइप ऑर्गन पुन्हा उभा करताना

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातली पायपेटी आठवते. पायाने भाता मारायचा, आत पितळी सूर थरथरतात. सांगलीला काकांच्या दुकानात अशा पेट्या उघडलेल्या बघतच मी वाढले. त्या जोरावर मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, आणि पहिल्याच कामात पेटीची सगळी घमेंड उतरली. बंद झालेल्या चर्चमधून उतरवलेला एकोणिसाव्या शतकातला पाइप ऑर्गन. नळ्या हजाराच्या आसपास. सगळ्यात मोठी आठ फुटांची, सगळ्यात लहान करंगळीपेक्षाही बारीक. तो एका कॉलेजच्या चॅपेलमध्ये उभा करायचा होता.

अशी स्थलांतरं न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, नवी नाहीत. बॉस्टनच्या हुक बंधूंच्या कारखान्याने 1870 मध्ये वोबर्न गावातल्या चर्चसाठी बांधलेला ऑर्गन आज बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमधल्या चर्चमध्ये वाजतो. वाद्य टिकतं, कारण ते लाकूड, कथिल-शिशाचा मिश्रधातू, चामडं आणि सरस यांचं असतं. सगळं उकलता येतं. सरस तर खास त्यासाठीच: ऊब आणि ओलावा दिला की सांधा सुटतो. (आधीच्या कुणी दुरुस्तीत पांढरा फेव्हिकॉलछाप गोंद वापरला असेल, तर मात्र चामडं खरवडत बसा.) सरस साठ अंशांच्या आसपास ठेवायचा. उकळला की त्याची ताकद गेली.

माझी चूक आधीच सांगते, म्हणजे तुमची वाचेल. पट्टी दाबली की लाकडाच्या लांबलचक बारीक काठ्या ओढल्या जातात आणि विंडचेस्टमधली, म्हणजे नळ्यांखालच्या हवेच्या पेटीतली, झडप उघडते. या काठ्यांना ट्रॅकर म्हणतात. त्या मळक्या दिसत होत्या. मी उत्साहाने बारीक पॉलिशपेपर मारून चकाचक केल्या. संध्याकाळी उस्तादांनी एक काठी उचलली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “नंबर कुठाय?” दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी टोकाला पेन्सिलीने लिहिलेला नंबर मी घासून टाकला होता. लांबी सगळ्यांची जवळजवळ सारखी, पण प्रत्येक काठी आपल्या जागेच्या हिशेबाने झिजलेली. अठ्ठावन्न काठ्या झिजेवरून जुळवायला तीन दिवस गेले. ओरडले नाहीत ते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सुटं करण्याआधी फोटो, मग चिठ्ठी, मग हात. नळ्यांवर स्वराचं अक्षर धातूतच कोरलेलं असतं, तरीही. भात्याच्या हँडलजवळच्या फळीवर हवा मारणाऱ्या पोरांनी कोरलेली नावं होती. तीसुद्धा तशीच ठेवली.

नवख्यांना नळ्यांचं आकर्षण असतं, पण निम्मं काम हवेचं आहे. वाकवलेल्या पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजतात. आमचा दाब होता तीन इंच पाण्याचा. स्ट्रॉमधून सरबत ओढताना लहान मूलही याहून जास्त जोर लावतं. एवढ्याशा दाबावर चालायचं, म्हणून गळती एक केसभरही परवडत नाही. तिकडच्या हिवाळ्यात हीटिंगने लाकूड सुकतं, विंडचेस्टच्या फळीला चीर जाते आणि हवा शेजारच्या खणात शिरते. मग एक पट्टी दाबावी, तर शेजारचा स्वरही कुणकुणतो. यावर जुना उपाय म्हणजे खणांमध्ये गरम सरस ओतून फिरवणं. हात, टेबल, चप्पल सगळं चिकट. त्यानंतर भात्याच्या चामड्याच्या घड्या नव्याने बसवायच्या. हे सगळं झाल्यावर नळीची पाळी.

नळ्यांबाबत तीनच गोष्टी. मोठी नळी एका टोकाने उचलू नका, मऊ धातू स्वतःच्याच वजनाने वाकतो. आणि शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. नळीचं तोंड ‘सुधारण्याचा’ मोह आवरा. विसाव्या शतकाच्या मध्यात, जुनं आवाजाचं वळण नकोसं झाल्यावर, कित्येक नळ्या कापून आखूड केल्या गेल्या. कापलेली नळी वाढत नाही.

स्वर लावताना आपला कान कामाला येतो. तानपुरा जुळवलेल्याला स्वरांची लहर थांबणं लगेच कळतं. पण समान अंतराच्या सप्तकातला गंधार चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि तो तसाच सोडायचा, हे जिवावर येतं. मी आठवडाभर तो हळूच उतरवत होते, उस्ताद परत चढवत होते. तापमान एक अंश वाढलं की नळ्या सुमारे तीन सेंट चढतात. लहान नळी हाताने धरली तरी ती गरम होऊन चढते, म्हणून आधी थर्मामीटर लावा.

शिकायचं कुठे? जर्मनीत साडेतीन वर्षांची रीतसर शिकाऊ उमेदवारी आहे आणि लुडविग्सबुर्गला त्याची शाळा. अमेरिकेत कारखान्याचं दार ठोठावणं हाच मुख्य रस्ता. संगीताच्या पदवीपेक्षा सुतारकाम येतं का, हेच मला आधी विचारलं.

आणि पहिले कित्येक महिने तुमचं काम एकच असेल: उस्ताद आत नळ्यांमध्ये वाकलेले, तुम्ही बाहेर पट्टी दाबून बसलेले, आतून “पुढची!” आली की पुढची. मध्ये कंटाळून एखादी चीज वाजवू नका. त्यांचा कान तेव्हा ट्रम्पेटसारख्या आवाजाच्या नळीपासून वीतभर लांब असतो.